नव्या आवृत्तीचा पहिला दिवस

१२ नोव्हेंबर २०२० रोजी अ‍ॅपल या अमेरिकन कंपनीने आपल्या मॅक संगणकांसाठी ‘बिग सर’ नावाची नवी कार्यप्रणाली सर्वांना खुली केली. कार्यप्रणाली, म्हणजे व्यवहारात जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती, संगणकातील मूलभूत आज्ञावली होय. स्मृती, पडदा, कळफलक आणि अन्य सर्व आज्ञावली यांचा मेळ तीच घालते. नवी आवृत्ती विनामूल्य होती आणि इंटरनेटवरून घरबसल्या मिळत होती. परंतु पहिल्या काही तासांतच तक्रारी सुरू झाल्या. कोणाचे डाउनलोड मध्येच थांबले, तर कोणाच्या पडद्यावर स्थापना अयशस्वी झाल्याची सूचना उमटली. कंपनी आपल्या सेवांची स्थिती ज्या पानावर दर्शविते, तेथेही या अडचणीची नोंद झाली. याहून आश्चर्याची गोष्ट अशी, की ज्यांनी नवी आवृत्ती मागितलीच नव्हती, अशा अनेकांचे संगणकही त्याच सुमारास मंदावले. नेहमीची एखादी आज्ञावली उघडण्यासही त्यांना बराच वेळ ताटकळावे लागले.

या लोकांच्या यंत्रांत कोणताही बिघाड नव्हता. अडचण होती ती दूरवरच्या सर्व्हरांपाशी, म्हणजे मागणी येईल तशी माहिती पुरविणाऱ्या संगणकांपाशी. ही घटना नीट समजून घ्यावयाची, तर कार्यप्रणालीची नवी आवृत्ती एखाद्या यंत्रात येते म्हणजे नेमके काय घडते, हे आधी पाहावयास हवे.

वापरणारा एकच कळ दाबतो; पण त्यामागे चार स्वतंत्र पायऱ्या असतात. प्रथम यंत्र एका सर्व्हरला विचारते, की आपल्यासाठी नवीन काही उपलब्ध आहे काय. होकार आला, की प्रत्यक्ष संचिका, म्हणजे फाइल, उतरवून घेतली जाते. ती पुरी झाल्यावर ती खरोखर मूळ उत्पादकाकडूनच आली आहे आणि वाटेत तिच्यात फेरफार झालेला नाही, याची पडताळणी होते. अखेरीस जुनी आवृत्ती बाजूला सारून नवी तिच्या जागी बसविली जाते. या साखळीतील एक कडी निसटली, तरी सारा उद्योग फसतो. वापरणाऱ्याला मात्र ‘अयशस्वी’ एवढा एकच शब्द दिसतो. कोणती कडी निसटली, हे त्याला कळत नाही.

यांपैकी दुसरी पायरी सर्वांत अवजड असते. ‘बिग सर’ची संचिका सुमारे १२ गिगाबाइट आकाराची होती. एका बाइटचे आठ बिट होतात, त्यामुळे तिचा भार ९६ गिगाबिट झाला. एका सेकंदात १० गिगाबिट वाहून नेणारी एक शक्तिमान वाहिनी आपल्यापाशी आहे, अशी कल्पना करू. तिच्यातून अशी एक प्रत जावयास जवळजवळ दहा सेकंद लागतील आणि दिवसभरात नऊ हजार प्रती जातील. आता दहा लाख लोकांना ही संचिका हवी आहे, असे धरू. ते तीस दिवसांत सारख्या प्रमाणात येत राहिले, तर अशा चार वाहिन्या पुरेशा होतील. तेच दहा लाख लोक पहिल्याच तासात आले, तर सुमारे सत्तावीसशे वाहिन्या लागतील. माणसे तेवढीच आहेत आणि संचिकाही तीच आहे. बदलले आहे ते केवळ घड्याळ. भारतीय वाचकाला हा अनुभव नवा नाही. रेल्वेचे वातानुकूलित वर्गाचे तत्काळ आरक्षण सकाळी दहा वाजता उघडते, तेव्हा दिवसभराच्या मागणीचा मोठा भाग पहिल्या काही मिनिटांतच येऊन आदळतो.

गर्दी वाढली, की त्या प्रमाणात थोडा अधिक वेळ लागेल, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती चुकीची आहे, हे संगणकयुगाच्या कितीतरी आधी ध्यानात आले होते. डेन्मार्कमधील कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणारे गणितज्ञ आग्नेर एर्लांग यांनी १९०९ साली दूरध्वनीच्या मागण्यांविषयीचा आपला पहिला शोधनिबंध प्रसिद्ध केला. रांगांचे गणित म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शास्त्राचा पाया तेथे घातला गेला. मागण्या यदृच्छया येत आहेत आणि प्रत्येकीला लागणारा वेळही तसाच कमीअधिक आहे, असे गृहीत धरले, तर एकाच खिडकीसाठी या शास्त्राचे उत्तर असे येते: खिडकी निम्मा वेळ कामात असेल, तर प्रत्येकाचा सरासरी वेळ रिकाम्या खिडकीच्या मानाने दुप्पट होतो; नऊदशांश वेळ कामात असेल, तर दसपट होतो; आणि शंभरांपैकी नव्याण्णव भाग कामात असेल, तर शंभरपट होतो. म्हणजे भार थोडासाच वाढतो. पण क्षमतेच्या काठाशी पोहोचल्यावर विलंब एकाएकी उसळी घेतो. काठ ओलांडला, की रांग संपतच नाही.

रांगेतील माणसाचा स्वभाव या संकटात भर घालतो. उत्तर मिळाले नाही, की तो पुन्हा कळ दाबतो. बहुतेक आज्ञावलीही हेच करतात. ठरावीक काळ वाट पाहून त्या मागणी सोडून देतात आणि नव्याने करतात. पहिल्या मागणीवर सर्व्हरने खर्च केलेले श्रम वाया जातात आणि एका ग्राहकाच्या दोन मागण्या होतात. अर्ध्यावर तुटलेले डाउनलोड जेथे तुटले तेथून पुढे चालू करण्याची सोय नसेल, तर आठ गिगाबाइट आलेल्या माणसाला आरंभापासून सर्व मागवावे लागते. अशा रीतीने गर्दीतून अपयश आणि अपयशातून अधिक गर्दी, असे चक्र सुरू होते.

असे असले, तरी संचिका पोहोचविणे हा या प्रश्नाचा तुलनेने सोपा भाग आहे. संचिका सर्वांसाठी एकच असते. त्यामुळे तिच्या प्रती आधीच अनेक ठिकाणी ठेवता येतात. लिनक्स कार्यप्रणालीच्या जगात विद्यापीठे आणि अन्य संस्था आपापल्या सर्व्हरांवर अशा प्रती ठेवतात. त्यांना ‘मिरर’ असे म्हणतात. हेच काम व्यापारी तत्त्वावर करणारी अकामाई ही कंपनी १९९८ साली अमेरिकेत टॉम लेटन आणि डॅनियल लेविन यांनी स्थापन केली. तिचे सर्व्हर जगभर विखुरलेले असल्याने ग्राहकाला प्रत त्याच्या जवळपासच मिळते. ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली प्रचारात आणलेल्या बिटटोरंट पद्धतीत तर प्रत्येक ग्राहक आपल्याकडे आलेले तुकडे इतरांना देत राहतो; त्यामुळे मागणारे वाढले, की देणारेही वाढतात.

परंतु पडताळणीची पायरी अशी वाटून देता येत नाही. याचा प्रत्यय १२ ऑक्टोबर २०११ रोजी आला. त्या दिवशी अ‍ॅपलने आयफोनसाठी कार्यप्रणालीची पाचवी आवृत्ती प्रसृत केली. तोवर आयफोन अद्ययावत करण्यासाठी तो संगणकाला जोडावा लागत असे. संगणकावर संचिका उतरली, तरी प्रत्येक फोनसाठी कंपनीच्या सर्व्हरकडून स्वतंत्र, स्वाक्षरीयुक्त अनुमती मिळणे आवश्यक होते. ही अनुमती काही ओळींचीच असते; परंतु ती प्रत्येक फोनसाठी वेगळी असते आणि ज्याच्यापाशी गुप्त किल्ली आहे, तोच ती देऊ शकतो. अनेकांना संपूर्ण संचिका मिळाली आणि त्यानंतर पडद्यावर ‘३२००’ या क्रमांकाची त्रुटी दिसू लागली. धान्याचे पोते दारात येऊन पडावे आणि पावतीवर सही करणाऱ्या कारकुनापाशी मैलभर रांग असावी, तसा हा प्रकार होता.

२०२० साली नवी आवृत्ती न मागणाऱ्यांना जो त्रास झाला, त्याचे मूळही अशाच एका लहानशा प्रश्नोत्तरात होते. मॅक संगणकावर आज्ञावली उघडताना तिच्या निर्मात्याचे प्रमाणपत्र रद्द तर झालेले नाही ना, अशी विचारणा कंपनीच्या एका सर्व्हरकडे केली जाते. एरवी हे उत्तर काही काळ यंत्रातच साठवून ठेवले जाते. त्या दिवशी सर्व्हरच्या मांडणीतील चुकीमुळे या साठवणीत अडथळा आला, असे पुढे सांगण्यात आले. इंटरनेट मुळीच नसेल, तर ही तपासणी सोडून देऊन आज्ञावली उघडावी, अशी योजना होती. परंतु सर्व्हर बंद नव्हता. तो अतिशय संथ झाला होता, आणि यंत्रे उत्तराची वाट पाहत बसली. इंटरनेटची जोडणी तोडताच संगणक पूर्ववत चालू लागतो, असा शोध कित्येकांना लागला. नकाराची तरतूद करून ठेवली होती. विलंबाची तरतूद करावयाची राहिली होती. पुढील वर्षभरात सर्व्हरच्या बिघाडापासून या तपासणीला अधिक संरक्षण देण्याचे आश्वासन कंपनीने त्यानंतर दिले.

अशा प्रसंगांवरील उपाय बरेचसे ज्ञात आहेत. पहिला उपाय म्हणजे घड्याळ मोडणे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २९ जुलै २०१५ रोजी ‘विंडोज १०’ प्रसृत केली, तेव्हा लोकांकडून आगाऊ नोंदणी करून घेतली होती आणि संचिका टप्प्याटप्प्याने पाठविल्या. उबुंटू या लिनक्स-प्रकाराच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवर राहणाऱ्यांना पुढील दीर्घ मुदतीची आवृत्ती, तिची पहिली सुधारणा निघाल्यावरच, सामान्यतः सुचविली जाते. दुसरा उपाय म्हणजे आज्ञावलींना संयम शिकविणे. १९७० नंतरच्या दशकात रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेट ही जोडणी विकसित केली. एकाच तारेवर दोन संदेशांची टक्कर झाली, तर प्रत्येकाने यदृच्छया काही काळ थांबावे आणि पुन्हा टक्कर झाल्यास थांबण्याची मर्यादा दुप्पट करावी, असा नियम तीत आहे. सर्व्हरकडे पुन्हा मागणी करतानाही हाच नियम उपयोगी पडतो. तिसरा उपाय असा, की नवी आवृत्ती संपूर्ण हाती येऊन तपासली जाईपर्यंत जुनीला हात लावू नये; म्हणजे अपयश आले, तरी यंत्र कामास राहते.

याउलट, गर्दीलाच उत्सवाचे रूप दिले तर काय होते, हे १७ जून २००८ रोजी दिसले. फायरफॉक्स या आज्ञावलीच्या तिसऱ्या आवृत्तीसाठी मोझिला संस्थेने एका दिवसात सर्वाधिक डाउनलोडचा विक्रम करण्याचे आवाहन केले होते. लोक इतक्या संख्येने आले, की सर्व्हर कोलमडले आणि मोजणी तासाहून अधिक उशिराने सुरू झाली. विक्रम झाला, चोवीस तासांत ८०,०२,५३० प्रती गेल्या. पण तो विक्रमही पहिल्या तासाने नव्हे, चोवीस तासांनी मिळवून दिला.

हा प्रश्न केवळ काही तासांच्या गैरसोयीचा नाही. कार्यप्रणालीच्या सुधारणांतून पुष्कळदा सुरक्षेतील छिद्रे बुजविली जातात. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील अशा एका छिद्रावरील उपाय प्रसृत केला होता. तो ज्या यंत्रांत बसविला गेला नव्हता, त्यांना १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर आज्ञावलीने गाठले आणि इंग्लंडमधील कित्येक रुग्णालयांचे कामकाज विस्कळीत झाले. सुधारणा वेळेवर न बसविण्याची कारणे अनेक असतात. त्यांत पूर्वीच्या फसलेल्या प्रयत्नाची धास्ती हेही एक आहे. ज्याचा संगणक एकदा अर्ध्यावर अडकला, तो पुढील वेळी ‘नंतर आठवण करा’ हीच कळ दाबतो.

म्हणून वापरणाऱ्याने एक भेद ध्यानात ठेवावा. केवळ नवे रूप आणि नव्या सोयी देणारी मोठी आवृत्ती असेल, तर पहिल्या दिवशीच ती घेण्याची निकड नसते. चार दिवस थांबून आणि आपल्या संचिकांची प्रत अन्यत्र ठेवून ती घेतल्यास काही बिघडत नाही. सुरक्षेची सुधारणा मात्र लांबणीवर टाकू नये. प्रयत्न अयशस्वी झाला, तर थोड्या अवधीने पुन्हा करावा. वारंवार कळ दाबल्याने रांग पुढे सरकत नाही. उत्पादकाची जबाबदारी याहून मोठी आहे. आपला सर्व्हर कधीतरी संथ होणारच, असे धरून त्याने यंत्राची रचना केली पाहिजे; कारण त्या घडीला त्या यंत्रावर कोणाचे कोणते काम खोळंबले आहे, हे त्याला कधीच कळत नाही.