तिरकी दांडी, निम्मे बळ

मोटार घेताना आपण रंग पाहतो, गाद्या दाबून पाहतो, फार तर इंजिनाचा आवाज ऐकतो. गाडीखाली वाकून पाहणारा विरळाच! परंतु माणसे सुखरूप घरी पोचणार की नाही, याचा निकाल पुष्कळदा तिथेच लागतो. तिथल्याच एका दुर्लक्षित दांडीची ही हकीकत. भूमितीचे नाव ऐकून मात्र पान उलटू नका. शाळेतल्या कंपासपेटीपलीकडचे यात काही नाही.

शॉक-अॅब्सॉर्बर गाडीचे ओझे पेलतो, असा समज घरोघर आढळतो. वास्तविक ओझे पेलतात ते स्प्रिंगचे पाटे. खड्डा आला की पाटे दबतात आणि मग झोपाळ्यासारखे हेलकावत राहतात. ते हेलकावे आवरणे हे शॉकचे काम. त्याच्या आत तेल असते, दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक भोके. त्यांतून तेल रेटले जाते आणि हेलकाव्याची शक्ती उष्णता होऊन जिरते. दट्ट्या जितका वेगाने सरकेल तितका विरोध अधिक.

2023 च्या उन्हाळ्यात मी मिशिगनला पुतण्याकडे गेलो होतो. जुनी पिकअप गाडी विकत घेऊन नटवण्याचा नाद अमेरिकेत पुष्कळांना असतो. आमच्या चिरंजीवांनी 1956 सालची फोर्ड एफ-100 घेतली होती. ती ऐटदार दिसावी म्हणून मागचा अॅक्सल पाट्यांच्या खालून काढून वर बसवला होता. त्यामुळे गाडी मागून सहा इंच खाली आली. दिसायची खरोखरच देखणी! पण एकदा वळणावरचे रेल्वे-फाटक ओलांडताना तिचा मागचा भाग उडाला आणि गाडी हातभर बाजूला सरकली. सूनबाईंनी निक्षून सांगितले, “मुलगी या गाडीत बसणार नाही.”

“काका, शॉकची जोडी दोनदा बदलली,” पुतण्या म्हणाला. “मालच वाईट येतो.”

मी आयुष्यभर गणित शिकवलेले. नातीच्या कंपासपेटीतला कोनमापक आणि एक ओळंबा घेऊन आम्ही दोघे गाडीखाली शिरलो. शॉकच्या वरच्या आणि खालच्या टोकांमध्ये उभे अंतर भरले 8 इंच आणि आडवेही 8 इंच. म्हणजे उभ्या रेषेशी कोन 45 अंशांचा! गाडी खाली आणण्यापूर्वी तेच उभे अंतर 14 इंच होते, म्हणजे कोन सुमारे 30 अंश.

आता मौज पाहा. तिरप्या शॉकचे नुकसान एकदा नव्हे, दोनदा होते. 45 अंशांवर चाक एक इंच उचलले तर शॉक जेमतेम सात-दशांश इंच दबतो. दट्ट्याचा वेग घटला, म्हणून विरोधही घटला. शिवाय जो विरोध उरला तो तिरक्या दिशेने. त्यातलाही सात-दशांश भागच चाकाच्या कामी येतो. सात-दशांशाचे सात-दशांश म्हणजे निम्मे! 30 अंशांवर पाऊण बळ उरते, 60 वर अवघे पाव. त्यातून चाक वर आले की शॉक आणखी आडवा होतो. गरज मोठी, तेव्हाच बळ कमी.

दुसरी गोष्ट अशी की, गाडी खाली आणल्याने शॉक जवळजवळ पाच इंच आधीच दबून बसला होता. खड्ड्यासाठी त्याच्यापाशी जागाच उरली नव्हती. अशा गाडीचे पाटे माल वाहण्यासाठी कडक असतात. हौदा रिकामा असला की मागची चाके सहज उसळतात. आणि जमीन सोडलेल्या चाकाला ब्रेक काय करणार?

मिस्त्रीने चासीत नवा आडवा पाइप वेल्ड केला. शॉकची वरची टोके तीन इंच वर आणि चार इंच बाहेर नेली. कोन 20 अंशांवर आला, बळ अठ्ठ्याऐंशी टक्के झाले. आखूड शॉक असे निवडले की, गाडी उभी असताना दट्ट्या मध्यावर राहील. त्याच फाटकावरून पुन्हा गेलो, तेव्हा गाडी एकदाच दबली आणि सरळ पुढे गेली. मागल्या आठवड्यात फोटो आला. नात पुढच्या सीटवर बसली आहे.

तिरपेपणा सर्वस्वी वाईट, असे मात्र नव्हे. हौद्याखाली जागा कमी, म्हणून कारखानदारांनाही शॉक थोडा कलवावा लागतो. 1968 च्या शेव्हरोले कॅमॅरोत एक शॉक अॅक्सलच्या पुढे व दुसरा मागे ठेवला होता, तो अॅक्सलचा पीळ आवरण्यासाठी. कल हेतूने दिला तर ती युक्ती. नकळत वाढला तर धोका.

म्हणून जुन्या गाडीच्या शौकिनांना सांगणे एवढेच: गाडी आपल्या चाकांवर उभी असताना ओळंबा लावा, कोन मोजा, आणि मगच नव्या शॉकसाठी खिशात हात घाला.