दोन तारा आणि जमिनीखालचे जोड

मोठी फळबाग, गोल्फचे मैदान किंवा एखाद्या संस्थेचे हिरवे आवार स्वयंचलित पद्धतीने भिजवायचे, तर जुन्या रीतीने प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतंत्र तार आणि सगळ्यांत मिळून एक सामाईक तार लागते. चाळीस व्हॉल्व्हना एकेचाळीस तारा. दोन-तारी पद्धतीत तारांची एकच जोडी सगळीकडे फिरते आणि वीज व आज्ञा दोन्ही नेते. व्हॉल्व्हपाशी बसवलेल्या डिकोडरला स्वतःचा क्रमांक असतो; त्या क्रमांकाची आज्ञा आली की तेवढाच व्हॉल्व्ह उघडतो. तांबे वाचते, पुढे व्हॉल्व्ह वाढवले तरी कंट्रोलरपर्यंत नवी तार ओढावी लागत नाही. खरेदीच्या वेळी मात्र सगळी चर्चा कंट्रोलर आणि मोबाइल ॲपभोवती फिरते. माझ्या मते ही यंत्रणा किती वर्षे चालणार हे मातीखालचे जोड ठरवतात, आणि पैसा व लक्ष आधी तिथेच गेले पाहिजे.

जोडावर नुसती चिकटपट्टी गुंडाळली, तर ओल आज ना उद्या आत शिरतेच. तांबे हिरवे पडते, वीज थोडी थोडी जमिनीत झिरपू लागते. असा जोड कोरड्या मातीत चालतो आणि पाणी दिल्यावर रुसतो. म्हणून दोष कंट्रोलरवर जातो आणि चांगला कंट्रोलर बदलला जातो. आपल्याकडची काळी माती तर उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि ताणून पुरलेली तार जोडातूनच ओढून काढते. व्हॉल्व्ह आणि जोड असलेल्या प्रत्येक चेंबरमध्ये मीटरभर तार सैल सोडणे आणि जोडाला ग्रीस भरलेली जलरोधक टोपी घालणे, एवढ्याने हे बरेचसे टळते.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की सगळे एकाच जोडीवर असल्याने एक बिघाड झाला की सारे ठप्प. तो निम्मा खरा आहे. तार तुटली तर तुटीच्या पलीकडचेच व्हॉल्व्ह बंद पडतात, शॉर्ट झाल्यास मात्र सगळी लाइन बसते. पण शोध सोपा असतो: मधल्या चेंबरमध्ये लाइन सोडवायची, दोष कोणत्या बाजूला ते पाहायचे आणि उरलेल्या भागाचे पुन्हा दोन भाग करायचे. एकाच सरळ लाइनवर चौसष्ट चेंबर असले तरी साधारण सहा तपासण्यांत जागा सापडते. झिरप बारीक असेल तर मिलिअँपिअर दाखवणारा क्लॅम्प मीटर लागतो. बिनतारी व्हॉल्व्ह घ्यावेत, असेही सुचवले जाते. दूरच्या चार व्हॉल्व्हना ते ठीक आहे. शंभर व्हॉल्व्हच्या बॅटऱ्या सांभाळणे हे कायमचे काम होऊन बसते.

दरवेळी दोष विजेचाच असतो असेही नाही. व्हॉल्व्हवरचा सोलेनॉइड, म्हणजे तो उघडणारी विजेची कॉइल, हाताने थोडा सैल केल्यावर पाणी सुटले, तर व्हॉल्व्हचे अंग ठीक आहे, तपास विजेकडे न्यावा. चोवीस व्होल्ट एसीची कॉइल सुटी करून मोजल्यास साधारण वीस ते साठ ओहम दाखवते. व्हॉल्व्ह बंदच होत नसेल तर डायफ्रामखाली अडकलेला खडा किंवा फाटलेले रबर आधी पाहावे. विजेच्या कडकडाटात लांब तार धक्का ओढून घेते, म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावरचे अर्थिंग कधीही वाचवू नये.

यंत्रणा बसवून घेणाऱ्यांना एवढेच सांगणे: चर बुजवण्याआधी प्रत्येक चेंबरची जागा, डिकोडरचा क्रमांक आणि लाइनचा प्रवाह कागदावर लिहून घ्या, आणि तो नकाशा हाती आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.