गप्प असलेली अज्जी

कॅज्युअल्टीत ओरडणाऱ्या रुग्णाकडे सगळे धावतात. कोपऱ्यातल्या स्ट्रेचरवर गप्प पडलेलं म्हातारं माणूस मात्र मागे राहतं. उतारवयात न्यूमोनिया तापाविना होऊ शकतो, हार्ट अटॅक छातीत न दुखता येऊ शकतो. घरच्यांना दिसतं ते इतकंच, की पडली, जेवली नाही, बोलेनाशी झाली.

हुबळीतल्या एका रुग्णालयात एका रात्री अशा गप्प रुग्णाची तपासणी जवळून पाहिली. तारिहाळची सत्तरी ओलांडलेली अज्जी न्हाणीत घसरली होती. औद्योगिक वसाहतीतली सेकंड शिफ्ट संपवून घरी आलेल्या मुलाने तिला रिक्षात घालून आणलं. एक्स-रेत हाड शाबूत होतं. घरी पाठवायला कुणाची हरकत नव्हती.

तरुण डॉक्टरबाई मात्र एक चाचणी घ्यायला स्टूल ओढून बसल्या. एडिनबरात तयार झालेली ‘फोर-ए-टी’ ही चाचणी दोन मिनिटांची आहे. माणूस सावध आहे का. वय, जन्मतारीख, ठिकाण, साल सांगतो का. डिसेंबरपासून महिने उलटे म्हणतो का. आणि हा बदल अचानक झाला का? १२ पैकी ४ किंवा जास्त गुण पडले, तर डिलिरियमची, म्हणजे आजारामुळे अचानक उद्भवलेल्या भ्रमाची शंका घ्यायची.

इथे हे प्रश्न जसेच्या तसे चालत नाहीत. या पिढीतल्या कित्येक बायकांना जन्मतारीखच ठाऊक नसते. डिसेंबर-नोव्हेंबरची उलटी मोजणी शाळेत गेलेल्यांनाच जमते. ती आली नाही म्हणून भ्रम ठरवणं अन्यायाचं, आणि ‘शिकलेली नाही’ म्हणून सोडून देणं त्याहून वाईट. डॉक्टरबाईंनी वार उलटे म्हणायला सांगितले, आधी कन्नडात, मग मराठीत. अज्जी ‘रविवार, शनिवार’ म्हणाली आणि तिची नजर छताकडे गेली.

“वयामुळे होतंय, मॅडम,” मुलगा म्हणाला. शिफ्टमुळे आई त्याला जागी भेटतच नव्हती. सुनेला फोन लावला. “नाही हो, परवापर्यंत आत्याबाई भाकरी थापत होत्या. कालपासून मलाच विचारतात, कोण गं तू?” एवढ्यावर शेवटच्या प्रश्नाचे चारही गुण पडले.

मग गोळ्यांची पिशवी उलटी केली. मॉन्ट्रिऑलहून १९९९ साली आलेल्या ‘आयसार’ या, धोक्यातले वृद्ध ओळखण्यासाठीच्या सहा प्रश्नांच्या यादीतही, रोज तीनपेक्षा जास्त औषधं चालू आहेत का, असं विचारतात. पिशवीत बीपीसाठी नव्याने सुरू झालेली पाण्याची गोळी निघाली. अशा गोळीने सोडियम घटून भ्रम होऊ शकतो; तपासलं तर रक्तातलं सोडियम फार खाली गेलेलं होतं. अज्जीला भरती केलं. सोडियम वर आणायचं तेही बेताबेतानं, कारण घाईने चढवलं तर मेंदूलाच इजा होऊ शकते.

‘फोर-ए-टी’तला शेवटचा, बदल अचानक झाला का हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याचं उत्तर बहुतेक वेळा रुग्णालयात आलेल्या माणसाकडे नसतं, घरी मागे राहिलेल्या बाईकडे असतं. केसपेपरवर तिचा नंबर हवा. रात्री दोन वाजताही तो लावायला संकोच नको. आणि ‘एरवी बऱ्या असतात का’ असं मोघम न विचारता, ‘परवा करत होत्या त्यातलं आज काय जमत नाही’ असं नेमकं विचारायला हवं.