बाळाची टाच

मुलांनो, तुमच्या घरी कधी तान्हे बाळ आले आहे का? आले असेल, तर त्याची टाच आठवून पाहा. टाचेच्या कडेला कदाचित एक बारीक लाल ठिपका असेल.

हा ठिपका सुईचा. अनेक देशांत बाळ काही दिवसांचे झाले, की त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब काढतात आणि जाड कागदावर टिपून घेतात. जन्मतः लपून बसलेले काही आजार या थेंबांवरून कळतात. आजार लवकर कळला, तर बाळ वाचते, नीट वाढते. अमेरिकेतील रॉबर्ट गथ्री या शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या काळात ही तपासणी सुरू केली. त्यांच्या नात्यातील एका लहान मुलीचा असाच आजार फार उशिरा कळला होता. म्हणजे सुई टोचायलाच हवी. शिवाय लसही टोचून घ्यावी लागते.

पण मग बाळाला दुखत नाही का?

तुम्ही म्हणाल, "हा काय प्रश्न झाला! दुखते म्हणून तर ते रडते." तुमचे बरोबर आहे. पण गंमत अशी, की मोठमोठ्या डॉक्टरांना हे पटायला फार वर्षे लागली. तान्ह्या बाळाचा मेंदू अजून कच्चा असतो, त्याला खऱ्या वेदना होत नाहीत, असे पुष्कळांना वाटे. त्यामुळे काही बाळांच्या शस्त्रक्रियासुद्धा वेदना थांबवणारे पुरेसे औषध न देताच होत.

भारतातून इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे शिकायला गेलेले डॉक्टर कंवलजीत आनंद यांना एक गोष्ट खटकली. शस्त्रक्रियेहून परत आलेली बाळे इतकी मलूल का होतात? त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही बाळांना वेदना थांबवणारे जादा औषध दिले. त्या बाळांच्या शरीरावर कमी ताण आला आणि ती अधिक चांगली राहिली. १९८७ साली हे छापून आले आणि डॉक्टरांचे मत बदलू लागले.

बाळ बोलत नाही, पण त्याचा चेहरा बोलतो. सुई टोचताच त्याच्या भुवया आक्रसतात, डोळे गच्च मिटतात, नाकाच्या बाजूला घड्या पडतात. छातीचे ठोकेही वाढतात.

हे दुखणे कमी कसे करायचे? सर्वांत सोपा उपाय आईजवळच आहे. टोचण्याच्या थोडे आधी आईने बाळाला अंगावर पाजायला घ्यावे आणि टोचतानाही पाजत राहावे. दूध, ऊब, ओळखीचा वास, सारे एकदम मिळते. बाळ कमी रडते.

बाळाला नुसते उघड्या छातीशी धरले तरी उपयोग होतो. कोलंबिया देशातील बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आईच्या छातीशी बांधून ठेवू लागले, कांगारूच्या पिल्लासारखे! तिथे काचेच्या ऊबपेट्या कमी पडत होत्या. पुढे दिसून आले, की अशा बाळांना सुईचा त्रासही कमी होतो.

आई जवळ नसेल, तर परिचारिका बाळाचे हातपाय हळुवारपणे पोटाशी धरतात. आईच्या पोटात ते तसेच तर होते! कधी टोचण्यापूर्वी सुमारे दोन मिनिटे साखरपाण्याचे काही थेंब जिभेवर सोडतात. मात्र हे काम इस्पितळातल्या माणसांचे. तुम्ही घरी करू नका. आणि एक वर्षाच्या आतील बाळाला मध तर मुळीच चाटवू नका. मधातून कधीकधी भयंकर आजार होतो.

सुई टाचेच्या मध्यभागी न टोचता कडेला का टोचतात, ठाऊक आहे? मध्यभागी हाड कातडीच्या अगदी जवळ असते.

आता बाळाला टोचायला नेतील, तेव्हा आईला आठवण करा, "आई, बाळाला कुशीत घे ना!" बाळ तरीही एकदा टाहो फोडील. मग हुंदका देईल आणि पुन्हा दूध पिऊ लागेल.