उन्हाळा, हवा आणि ट्रकचा टायर

टायरमधला दाब ठरलेल्या आकड्याखाली गेला की गाडी चालू असतानाच तो भरून काढणारी यंत्रणा जड ट्रेलरवर बसवता येते. तिच्या रचनेत गूढ काही नाही. एअर ब्रेकसाठी ट्रकला कॉम्प्रेसर असतोच आणि त्याची हवा टाकीत साठते. त्या टाकीतून निघालेली नळी दाब नेमून देणाऱ्या व्हॉल्व्हमधून ट्रेलरच्या पोकळ एक्सलमध्ये शिरते आणि एक्सलच्या टोकाशी, हबकॅपमधल्या फिरत्या सांध्यापर्यंत पोहोचते. या सांध्याची एक बाजू एक्सलबरोबर स्थिर राहते, दुसरी चाकाबरोबर फिरते आणि मधून हवा गळत नाही. तिथून लहान होज प्रत्येक टायरच्या व्हॉल्व्हला जोडलेले असतात. वाटेत एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असल्यामुळे टायरमधली हवा उलटी येत नाही. बराच वेळ हवा वाहत राहिली तर ट्रेलरवरचा दिवा लागतो आणि तो चालकाला आरशात दिसतो.

अमेरिकेत लांब पल्ल्याच्या ट्रेलरवर ही यंत्रणा अनेक वर्षे वापरात आहे. भारतात ती अजून क्वचितच दिसते, तिच्याबद्दलच्या समजुती मात्र तिच्या आधीच येऊन पोहोचल्या आहेत. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यातून दोन मोठे मालवाहतुकीचे रस्ते जातात. शहापूरकडून मुंबई-नाशिक महामार्ग कसारा घाट चढतो, तर मुरबाड-टोकावड्यावरून जाणारा कल्याण-अहिल्यानगर रस्ता माळशेज घाट चढतो. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि शहापूर तालुक्यातून तिसरा मोठा रस्ता सुरू झाला. या तिन्ही रस्त्यांवरच्या ढाब्यांवर आणि पंक्चरच्या टपऱ्यांवर मार्चपासून एकच सल्ला ऐकू येतो: उन्हाळा आहे, हवा दहा पाउंड कमी ठेवा, नाहीतर टायर फुटेल. आपोआप हवा भरणाऱ्या यंत्रणेवरचा मुख्य आक्षेपही याच सल्ल्यातून निघतो. उन्हात टायर आधीच फुगलेला, त्यात हे यंत्र आणखी हवा कोंबणार, मग टायर राहील कसा?

हा सल्ला उलटा आहे. तो जितक्या आत्मविश्वासाने दिला जातो, तितकेच त्याचे नुकसान मोठे आहे.

दाब किती वाढतो, हे आधी पाहावे. सकाळी ३० अंशांना टायरमध्ये ११० पाउंड हवा आहे असे धरू. गाडी धावून आतली हवा ६० अंशांपर्यंत तापली तर दाब सुमारे १२२ पाउंड होतो, म्हणजे वाढ १२ पाउंडांची. ८० अंशांना गेली तर तो १३० च्या आसपास जातो. टायर बनवणाऱ्यांना ही वाढ ठाऊक असते. टायरच्या भिंतीवर छापलेला दाब थंड टायरचा असतो आणि तापल्यावर वाढणारा दाब गृहीत धरूनच तो ठरवलेला असतो. धड असलेल्या टायरची ताकद नेहमीच्या दाबाच्या कित्येक पट असते. वीस पाउंडांच्या वाढीने तो फुटत नाही.

टायर फोडणारी उष्णता उन्हातून कमी आणि टायरच्या आतून जास्त येते. चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग दबतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा सरळ होतो. हवा कमी असेल तर बाजूची भिंत जास्त वाकते. तार पुन्हापुन्हा वाकवली की ती वाकल्या जागी तापते आणि शेवटी तुटते, तसेच इथे घडते. रबर तापते, पोलादी तारांवरची त्याची पकड सुटते, वरची पट्टी सुटून उडते किंवा भिंतच फाटते. म्हणजे टायर थंड राहावा म्हणून दहा पाउंड हवा काढली की तो जास्त तापतो. भार तोच आणि हवा कमी, एवढे कारण त्याला पुरते.

याहून वाईट सवय म्हणजे तापलेल्या टायरची हवा सोडणे. दुपारी ढाब्यावर थांबून मीटर लावला, १२२ दिसले, घाबरून ११० वर आणले. टायर पुन्हा ३० अंशांना आला की मीटर ९९ दाखवतो. ११ पाउंड हवा कोणी चोरलेली नसते, ती मालकाने स्वतःच्या हाताने सोडलेली असते. दुसऱ्या दिवशी हाच टायर जास्त वाकतो, जास्त तापतो, दुपारी पुन्हा जास्त दाब दाखवतो आणि पुन्हा हवा सोडली जाते. पुढे एखाद्या दुपारी तो फुटला की दोष उन्हाला मिळतो आणि सल्ला देणाऱ्याची खात्री आणखी पक्की होते.

या समजुतीत खरे आहे ते एवढेच: थंड असतानाच गरजेपेक्षा जास्त भरलेला टायर खड्ड्याच्या किंवा दगडाच्या माराने लवकर कापला जातो आणि मधोमध झिजतो. पण त्यावर उपाय नेमका दाब ठेवणे हा आहे, कमी ठेवणे हा नाही. टायर गाडी किमान तीन-चार तास उभी राहिल्यावर थंड मानावा.

आता यंत्रणेकडे पाहू. साध्या प्रकारच्या यंत्रणेत एकच आकडा नेमलेला असतो, समजा ११०. टायर तापून १२२ वर गेला तर नळीतला दाब टायरपेक्षा कमी असतो, झडप बंद राहते आणि हवेचा एक कणही आत जात नाही. कोंबण्याचा प्रश्नच उरत नाही. उलट या प्रकाराची खरी मर्यादा दुसरीकडे आहे. तापलेला टायर हळूहळू गळत असेल, तर दाब ११० च्या खाली येईपर्यंत यंत्रणेला ते कळत नाही आणि हवा भरली जाते ती टायर निवल्यावर. काही यंत्रणा तापल्यावरची वाढीव हवा सोडतातही, पण थंड झाल्यावर तेवढी परत भरतात. ढाब्यावरचा माणूस नेमके हेच दुसरे काम करत नाही.

टायरमध्ये कमी हवा ही काही इकडचीच तक्रार नाही. अमेरिकेच्या फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशनने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत व्यावसायिक वाहनांचे जेमतेम ४४ टक्के टायर नेमलेल्या दाबाच्या पाच पाउंड आत-बाहेर आढळले, तर सुमारे ७ टक्के टायरांत २० पाउंड किंवा त्याहून जास्त हवा कमी होती. जोडचाकातले आतले चाक सर्वांत दुर्लक्षित राहते. त्याच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचवणे त्रासाचे असल्याने क्लीनर रॉडने टायर ठोकून आवाजावर निभावतो. ठोकल्यावर पूर्ण बसलेला टायर ओळखता येतो, पण ९० आणि ११० यांतला फरक कानाला कळत नाही. बाहेरचा टायर भार उचलून धरतो, म्हणून गाडी कलंडलेलीही दिसत नाही. याच संस्थेच्या २०१४ च्या प्रत्यक्ष रस्त्यावरच्या चाचणीत दाब दाखवणाऱ्या आणि हवा भरणाऱ्या यंत्रणांमुळे सुमारे १.४ टक्के इंधन वाचले. एका फेरीत ही बचत नजरेत भरत नाही, वर्षभराच्या डिझेलच्या बिलात भरते.

ब्रेकची हवा टायर खाऊन टाकतील, ही दुसरी भीती. प्रश्न रास्त आहे आणि म्हणूनच त्याचे उत्तर रचनेतच आहे. टायरकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी संरक्षक व्हॉल्व्ह असतो. टाकीतला दाब ठरावीक मर्यादेखाली, बहुतेक रचनांत ७० ते ८० पाउंडांखाली, आला की तो बंद होतो. टायर फाटला तरी ब्रेकच्या वाट्याची हवा राखलेली असते. हा व्हॉल्व्ह काढून थेट जोडणी करण्याचा जुगाड मात्र जीवघेणा आहे.

पंक्चर झाले तरी गाडी हाकत राहा, यंत्र बघून घेईल, हा समज भीतीच्या अगदी उलट टोकाचा आणि तितकाच चुकीचा. खिळ्याने होणारी हळू गळती यंत्रणा भरून काढते आणि गॅरेजपर्यंत पोहोचायला वेळ मिळतो. फाटलेल्या टायरपुढे तिचे काही चालत नाही. दिवा सतत लागलेला असेल तर गाडी बाजूला घेऊन पाहायलाच हवे.

हवा कमी असताना धावलेला टायर नुसता भरून पुढे निघणे हा पंक्चरवाल्याच्या जिवाशी खेळ असतो. नेमलेल्या दाबाच्या २० टक्के खाली, म्हणजे ११० चा टायर ८८ वर असताना चालला असेल, तर तो रिमवरून उतरवून आतून तपासावा, असा टायर उद्योगाचा दंडक आहे. भिंतीतल्या थकलेल्या तारा हवा भरताना एकामागून एक तुटतात आणि टायर भरणाऱ्याच्या अंगावर फुटतो. टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरतात ती याचसाठी. रस्त्याकडेच्या किती टपऱ्यांवर असा पिंजरा दिसतो, ते ट्रकवाल्यांनीच पाहावे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात आटोपतात. लष्करी गाड्यांवरची यंत्रणा हीच, असे सांगितले जाते. ती वेगळी आहे: दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी 'डक' या उभयचर ट्रकपासून चालकाला बसल्या जागी दाब कमी-जास्त करता येऊ लागला, वाळूत कमी आणि रस्त्यावर जास्त. ट्रेलरवरची यंत्रणा फक्त नेमलेला दाब राखते. टायरचा दाब दाखवणारे सेन्सर म्हणजेच ही यंत्रणा, हेही खरे नाही. सेन्सर सांगतात, भरत नाहीत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० साली अशा सेन्सरची तरतूद झाली ती साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांसाठी, अवजड ट्रकसाठी नव्हे.

नायट्रोजन भरला की दाब वाढत नाही, हा समज विकत घ्यायला पैसे पडतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्हींचा दाब सारखाच वाढतो. नायट्रोजन कोरडा असतो आणि किंचित हळू झिरपतो, फायदा एवढाच.

समृद्धी महामार्गावर टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर सिमेंटच्या रस्त्याला दोष देण्याची पद्धत पडली. काळे डांबर उन्हात फिक्या काँक्रीटपेक्षा जास्त तापते. फरक पडतो तो तासन्तास न थांबता एकाच वेगाने पळण्याचा, कारण त्यात टायरला निवायला उसंत मिळत नाही. जड वाहनांना तिथे ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे.

घाट चढल्यावर विरळ हवेने टायर फुगतो हेही ऐकू येते. सातशे मीटर चढल्यावर मीटरवर जेमतेम एक पाउंड वाढतो. घाटात टायरला खरा धोका उतरताना असतो. ब्रेक दाबून धरले की ड्रमची उष्णता रिममधून टायरच्या कडेला पोहोचते, आणि त्यावर खालचा गिअर हाच इलाज.

रबर चढवलेले टायरच फुटतात, या समजाबद्दल मिशिगन विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेने महामार्गांवर पडलेले टायरचे तुकडे गोळा करून तपासले होते. २००८ च्या त्या अहवालानुसार तुकड्यांत नव्या आणि रबर चढवलेल्या टायरांचे प्रमाण रस्त्यावरच्या त्यांच्या वापराशी साधारण जुळते होते.

ही यंत्रणा सगळ्यांनीच घ्यावी, असे मात्र नाही. ती सोपी पडते ट्रेलरच्या न फिरणाऱ्या पोकळ एक्सलवर. इंजिनच्या ताकदीने फिरणाऱ्या मागच्या एक्सलवर आणि स्टिअरिंगच्या चाकांवर ती बसवणे किचकट आणि महाग आहे. भिवंडीच्या गोदामांतून लांब पल्ल्याला निघणाऱ्या ट्रेलरला तिचा खर्च परवडू शकतो. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांना उन्हाळ्यात पाणी पोहोचवणारा टँकर दहा हजार लिटर पाणी, म्हणजे दहा टन वजन, जोडचाकांच्या फिरत्या एक्सलवर घेऊन कच्च्या रस्त्याने जातो. त्याला हे यंत्र सोयीचे नाही आणि गरजेचेही नाही. टँकर-डंपरच्या मालकांनी एक खात्रीचा मीटर विकत घ्यावा, सकाळी गाडी हलण्याआधी आतल्या चाकासकट प्रत्येक टायरला तो लावावा आणि एप्रिल-मे महिन्यांतही हवा कंपनीने दिलेल्या आकड्याइतकीच ठेवावी.