दुःखातून दिलेली विद्या



दुःख माणसाला शहाणे करतेच असे नाही. पुष्कळदा ते केवळ कडवट करते. पत्नी गेल्यावर वर्षभर मी हे अनुभवले. मग काहींचे दुःख इतरांचा आधार कसे होते?

पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्रात याचे उत्तर आहे. विशीच्या आतच दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. १८८० साली भाऊ, १८८२ साली पती. उरली ती आईने शिकविलेली विद्या. तिच्याच बळावर त्या तगल्या. म्हणून १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढताना त्यांनी विधवांच्या हाती प्रथम पुस्तक दिले. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणून त्यांनी त्यांना केडगावी आसरा दिला. तेथे अन्नाबरोबर विणकाम, छपाई शिकविली. ज्याने आपल्याला तारले, तेच दुसऱ्यास द्यावे, ही त्यांची रीत.

कन्या मनोरमाबाईंनी पुढे निजामाच्या राज्यात, गुलबर्ग्यास शाळा काढली. आपला आदिलाबादही तेव्हा त्याच राज्यात होता.

मला तारले ते अध्यापनाने. शेजारची मुले पुन्हा शिकवू लागलो, तेव्हा कोठे घर बोलू लागले. आजच्या स्मृतिदिनाचे ऋणही असेच फिटावे: एखाद्या पोरक्या मुलाला अक्षर देऊन.