शून्य सरकलं तरी अंतर तेच

शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ चा आणि राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ चा. वर्षांची वजाबाकी केली की ४५ येतात. हेच दिवस इंग्रजी तारखांनी १९ फेब्रुवारी १६३० आणि ६ जून १६७४. इथे वजाबाकी ४४. तारखा बरोबर, तिथ्याही बरोबर. मग सिंहासनावर बसताना महाराजांचं वय काय होतं?

याचं उत्तर शाळेतल्या भूमितीत आहे. संख्यारेषेवरच्या प्रत्येक बिंदूशी एक संख्या जोडलेली असते. ती त्याचा निर्देशक. दोन बिंदूंमधलं अंतर काढायचं तर मोठ्या निर्देशकातून लहान वजा करायचा. ५ आणि −२ यांच्यातलं अंतर ७. मुलं हा नियम पाठ करतात, पण त्यामागची सुंदर गोष्ट बहुधा सांगायची राहून जाते. शून्य कुठे मांडायचं, हे आपण ठरवतो. ते ७८ एकक उजवीकडे नेलं की प्रत्येक निर्देशक ७८ ने कमी होतो, आणि वजाबाकीत हे दोन्ही ७८ उडून जातात. निर्देशक आपण दिलेला असतो. अंतर मात्र त्या दोन बिंदूंचं स्वतःचं असतं.

शालिवाहन शक आणि इसवी सन ही एकाच काळाच्या रेषेवर मांडलेली दोन शून्यं आहेत. अट एकच, सगळे बिंदू सारखेच सरकले पाहिजेत. वरच्या उदाहरणात नेमकं तेच घडलेलं नाही. १६७४ मधून १५९६ गेले की ७८ उरतात, १६३० मधून १५५१ गेले की ७९. कारण शक बदलतो चैत्रात आणि सन जानेवारीत. शिवाय ‘१५५१’ हा बिंदू नाहीच, तो वर्षभर लांबीचा रेषाखंड आहे. जन्म त्याच्या अगदी शेवटच्या महिन्यातला, म्हणजे १५५१.९७ च्या आसपास, राज्याभिषेक १५९६.२ जवळ. इसवी सनात हेच बिंदू साधारण १६३०.१३ आणि १६७४.४३ वर येतात. आता दोन्हीकडे सरक ७८.२ च्या जवळपास, आणि अंतरही दोन्हीकडे तेच: सुमारे सव्वाचव्वेचाळीस वर्षं.

ज्या रेषेवर शून्यच नाही, तिथे घोळ याहून मोठा होतो. इसवी सनपूर्व १ नंतर थेट इसवी सन १ येतं. रोमचा सम्राट ऑगस्टस इ.स.पू. ६३ च्या सप्टेंबरात जन्मला आणि इ.स. १४ च्या ऑगस्टमध्ये वारला. ६३ आणि १४ यांची बेरीज ७७, पण तो जगला ७६ वर्षांना महिनाभर कमी. १७४० मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झाक कासिनी यांनी आपल्या कोष्टकांत शून्य वर्ष घातलं. तेव्हापासून खगोलगणितात इ.स.पू. १ म्हणजे ०, आणि इ.स.पू. ६३ म्हणजे −६२. नियम पुन्हा चालू लागला.

शून्य सोयीनं हलवण्याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण आपल्या कोकणातलं आहे. मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचला. ग्रह आज कुठे आहे हे काढायला आधी अहर्गण, म्हणजे ठरावीक आरंभापासून उलटलेले दिवस, मोजावे लागतात. कलियुगाच्या आरंभापासून मोजले तर त्या काळीच ते सोळा लाखांवर गेले होते, आणि एवढ्या मोठ्या संख्येचे गुणाकार-भागाकार हातानं करायचे! गणेश दैवज्ञांनी आरंभ शके १४४२ वर आणला. चालू शकातून १४४२ वजा करायचे आणि ११ ने भागायचं. भागाकाराला चक्र म्हणायचं, बाकी उरलेल्या वर्षांचे तेवढे दिवस मोजायचे. एका चक्राचे दिवस ४०१६, त्यामुळे अहर्गण त्यापलीकडे जातच नाही. नव्या आरंभाला ग्रह जिथे होता ते स्थान ‘क्षेपक’ म्हणून मिळवायचं आणि उलटलेल्या प्रत्येक चक्रासाठी ‘ध्रुव’ वजा करायचा. शून्य हलवल्याचा हिशेब या दोन संख्यांत चुकता होतो, आणि महाराष्ट्रातले पंचांगकर्ते पिढ्यान्‌पिढ्या याच रीतीनं ग्रह मांडत आले.